पिशोरचा फाटा

विशाखाच्या घरात वंशावळीचं खूळ शिरलं ते लेकीच्या जात पडताळणीपायी. श्रेया अकरावीला गेली आणि कॉलेजातून यादी आली, पन्नास सालाआधीचा पुरावा जोडा, पणजोबांपर्यंतची वंशावळ जोडा. नवरा राजेंद्र वाळूजच्या एका कारखान्यात पाळ्यांवर जाणारा, त्याला कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला सवड नव्हती. विशाखा एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती आणि कागदांत तिचा जीव रमायचा. "मी बघते," ती म्हणाली. चार महिन्यांत प्रमाणपत्र हाती आलं. राजेंद्रनं पेढे आणले, देव्हाऱ्यातल्या बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवले आणि म्हणाला, "सुटलो बुवा."

सुटला नव्हता. सासरची माणसं सापडल्यावर विशाखानं माहेरचा धागा धरला. आई चंपाबाई तिच्याकडंच राहायची. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती आणि विशाखा एकुलती एक होती. आईच्या वडिलांचं घराणं सिल्लोड तालुक्यातलं. तिथले निजामाच्या काळचे कागद उर्दूत. ते वाचून घ्यायला ती दर शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की शहागंजात जायची. तिथं मोहियोद्दीन चाचा नावाचे एक म्हातारे गृहस्थ पुतण्याच्या घड्याळांच्या दुकानात मागच्या बाजूला बसत. रेकॉर्डखात्यात जन्म गेलेला माणूस. भिंग धरून ओळ ओळ वाचायचे, "फलाना वल्द फलाना," आणि विशाखा वहीत उतरवून घ्यायची. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. एकेक वल्द सापडला की तिला आठवडाभर पुरायचं.

घराला मात्र ते पुरत नव्हतं. जेवायच्या टेबलावर कागद पसरलेले, त्यामुळं राजेंद्र रात्रपाळीहून आला की ताट मांडीवर घेऊन बसायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजायला कुणी नसायचं. कुठं फिरायला जायचं ठरलं की वाटेत एखादं तहसील लागायचंच. पैठणला गेले तेव्हा तसं झालं, वेरूळला गेले तेव्हाही तसंच. श्रेया एकदा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आमच्याकडं ट्रीप म्हणजे पप्पा गाडीत, मी गाडीत, आजी गाडीत आणि मम्मी झेरॉक्सच्या दुकानात." विशाखानं ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

एका दुपारी चंपाबाई टेबलाशी येऊन उभी राहिली. मोठ्या कागदावर विशाखानं चौकटी आखल्या होत्या. सगळ्यांत वर भिका, त्याखाली सांडू, त्याखाली आईचे वडील, आणि बाजूला चुलतचुलते. चंपाबाईनं चष्मा वर केला. तिला चौथीपर्यंतचं वाचता यायचं.

"ह्यात माझी दगडी कुठंय?"

"कोण दगडी?"

"माझी बहीण. दगडाबाई."

विशाखाला तोवर एवढंच ठाऊक होतं, की आईला एक बहीण होती आणि ती लहानपणीच वारली. ती म्हणाली, "आई, वंशावळीत मुलींची नावं नसतात. मुलांचीच असतात. नियमच तसा आहे."

"अन ती वारली न्हाई," चंपाबाई म्हणाली. "बापानं तसं सांगितलं व्हतं सगळ्याला."

मग तिनं सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. त्यांची आई चंपाच्या वेळच्या बाळंतपणातच गेली. दगडी आठ वर्षांनी मोठी. तिनं चंपाला कडेवर वागवली, न्हाऊमाखू घातलं, स्वतःच्या लग्नात सासरी जाताना चंपाला घट्ट धरून बसली होती. दोन वर्षांत नवऱ्यानं टाकली म्हणून परत आली. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा तलावाच्या कामावर दोघी बहिणी जायच्या, दगडी खडी फोडायला आणि बारा वर्षांची चंपा पाट्या उचलायला. कामावर मजुरांना खायला सुकडी वाटायचे. दगडी आपल्या वाटणीची सुकडी पदरात बांधून चंपाला द्यायची आणि म्हणायची, मला नाय आवडत. त्याच कामावर बांधाला दगडांचं पिचिंग करणारा याह्या नावाचा मिस्तरी होता. तलावाचं काम संपलं आणि दगडी त्याच्यासंगं निघून गेली.

"बापानं तिच्या नावानं अंघूळ केली," चंपाबाई म्हणाली. "मला म्हनला, नाव काढशील तर तुलाबी मेलेली समजंन. मी काढलं न्हाई. तुझ्या बापापाशीबी काढलं न्हाई कधी."

"मग ती आहे कुठं?"

"पिशोरला. मिस्तरी पिशोरचा व्हता. तिचं नाव आता जैतुनबी. बाजारात एक बाई भेटली व्हती मला, तिनं सांगितलं. त्यालाबी वीस वर्सं झाली." थोडं थांबून ती म्हणाली, "विशे, मला एकडाव नेशील का गं तिच्याकडं?"

"नेईन ना," विशाखा म्हणाली. तिनं ते सगळं वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहूनही ठेवलं.

त्या शनिवारी तिनं चाचांना ही हकिगत सांगितली. चाचांनी भिंग खाली ठेवलं. "पिशोर? अरे, हमारी ससुराल उधरच है. याह्या मिस्त्री का घर पूछ लूं क्या? एक फोन का काम है."

विशाखाच्या हातात त्या दिवशी नवीन आलेलं पान होतं. सांडूच्या बापाच्याही बापाचं नाव त्यात असेल असं तिला वाटत होतं. शिवाय मनात खोल कुठंतरी एक धास्ती होती. आईचं अलीकडं थोडं विसरणं चाललं होतं, मिठाऐवजी साखर, सोमवारचा मंगळवार. ही सगळी कहाणीच मनानं रचलेली असली तर? आणि खरी असली तर त्या घरातली माणसं काय म्हणतील? कागदाचं तसं नसतं, कागद कधी दारात उभं राहून तोंडावर बोलत नाही. ती म्हणाली, "विचारू चाचा. आधी एवढं पान होऊन जाऊ द्या."

चाचांनी पुन्हा भिंग उचललं.

दिवाळीच्या सुटीत अजिंठ्याला जायचं ठरलं. चंपाबाईला निजलेला बुद्ध बघायचा होता. तिथं डोलीची सोय होती, पण ती डोलीत बसली नाही, श्रेयाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढली. शेवटाकडच्या लेण्यात त्या लांबलचक मूर्तीपुढं ती बराच वेळ हात जोडून बसली. बाहेर आल्यावर श्रेयाला म्हणाली, "पायाशी रडनारी मान्सं बघितली का? एकेकाचं तोंड येगळं हाय." त्या दिवशी तिचं डोकं इतकं लख्ख होतं, की श्रेया वाटेत म्हणाली, "आजी, तू विसरतेस असं मम्मी उगाच म्हणते."

परतताना तीनच्या सुमाराला गाडी सिल्लोडला आली. चंपाबाई मागून काचेतून बघत होती. एकदम पुढं वाकून जावयाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जावईबापू, ह्यो रस्ता भराडीवरनं पिशोरला जातो. तिकडं वळवा."

राजेंद्रनं गाडी बाजूला घेतली आणि बायकोकडं पाहिलं. "किती लांब आहे? पाऊण तास?"

विशाखाच्या पर्समध्ये अर्जाची पोचपावती होती. सुट्ट्या संपून कचेऱ्या कालच उघडल्या होत्या. सांडूच्या जमिनीच्या नोंदीची नक्कल तयार आहे असा निरोप आला होता आणि कचेरी पाचला बंद होणार होती. पुन्हा यायचं तर आणखी एक रजा. "आई," ती म्हणाली, "आज नक्कल घेते. पिशोरला आपण नीट जाऊ, आधी तपास करून. असं एकाएकी कुणाच्या दारात कसं जायचं?"

"माझ्या बहिनीचं दार हाय ते," चंपाबाई म्हणाली.

"जाऊ गं. पुढच्या महिन्यात जाऊ."

चंपाबाई मागं टेकली. नक्कल मिळायला दीड तास गेला. तिघं गाडीत बसून राहिली. राजेंद्रनं भेळ आणली ती कुणी नीट खाल्ली नाही. विशाखा कागद छातीशी धरून आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता, "मिळालं! सांडू वल्द भिका वल्द राणू!" श्रेयानं कानात इयरफोन घातले. राजेंद्रची दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती. गाडी सरळ फुलंब्रीच्या रस्त्याला लागली.

पुढच्या महिन्यात ग्रंथालयाची तपासणी निघाली. त्याच्या पुढच्या महिन्यात श्रेयाची बारावीची सराव परीक्षा, मग बोर्डाची परीक्षा, मग राजेंद्रच्या चुलतभावाचं लग्न. दर महिन्याला काहीतरी निघायचं आणि दर शनिवारी शहागंज मात्र चुकायचं नाही. चंपाबाई आधी आठवड्यानं विचारायची, मग रोज विचारू लागली, मग दिवसातून चारदा, "दगडी कुठंय?" विचारून झालं की विचारलेलं विसरायची. उन्हाळ्यात ती जावयाला ओळखेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, वय तसं फार नाही, पण हा आजार काहींना लवकर गाठतो, आणि गाठला की पायऱ्या उतरल्यासारखा उतरत जातो.

जुलैत एके सकाळी ती घरातून निघून गेली. दुपारी एका रिक्षावाल्यानं हर्सूल नाक्यावरून आणून सोडली. पायांत चपला नव्हत्या. "मावशी म्हणत होती तलावावर सोड," तो म्हणाला. "कोणत्या तलावावर ते सांगता येईना."

श्रेयानं आजीचे पाय धुतले. तळव्यात काच गेली होती ती काढली. मग आईकडं न बघता म्हणाली, "मम्मी, तुझ्या वहीत पिशोर लिहिलेलं आहे. तारखेसकट. मी वाचलंय."

विशाखा त्याच संध्याकाळी शहागंजात गेली, कागद न घेता. चाचांनी तिथंच बसून फोन लावला. दोन फोन झाले, तिसऱ्याला त्यांचा आवाज बदलला. फोन ठेवून ते म्हणाले, "याह्या मिस्त्री गुजर गये, छे साल हुए. जैतुनबी है. अच्छी है. पूछ रही थी, चंपा जिंदा है क्या."

रविवारी ते पिशोरला गेले. मशिदीमागच्या गल्लीत पुढं निळा दरवाजा असलेलं घर होतं. जैतुनबीची सून उजमा दारातच उभी होती, सकाळपासून तिथंच असावी. तिच्यामागून एक उंच, वाळकी म्हातारी आली. पांढरी ओढणी, कोपरापर्यंत गोंदण. ओढणीतून दिसणारं ते गोंदण विशाखानं ओळखलं, कारण तसंच आईच्या हातावर होतं.

म्हातारी पायरी उतरली नाही. दाराची चौकट धरून म्हणाली, "चंपे."

चंपाबाई गाडीतून उतरून श्रेयाचा हात धरून उभी होती. तिनं म्हातारीकडं पाहिलं, घराकडं पाहिलं, मग पदर सावरून दोन्ही हात जोडले. "जय भीम, बाई. घोटभर पानी मिळंल का? लई दुरून आलो."

जैतुनबी पायरीवर बसली. उजमा पाणी घेऊन आली. चंपाबाई तांब्या वर धरून पाणी प्यायली, उरलेलं तिनं श्रेयाला दिलं. विशाखा तिच्या कानाशी वाकली, "आई, हीच दगडी. तुझी दगडी."

चंपाबाईनं पुन्हा नीट पाहिलं. हसली, थट्टा समजल्यासारखी. "येडी हायेस का? दगडी केवढी, अन ही म्हातारी केवढी. दगडी असती तर मला उचलून न घेती?"

जैतुनबीनं स्वयंपाक केला होता, ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी, आणि पाहुण्यांना चालेल की नाही म्हणून वेगळ्या भांड्यात अंड्याची आमटी. चंपाबाई आवडीनं जेवली. जेवताना दोनदा म्हणाली, "बाईच्या हाताला चव हाय." जैतुनबी समोर बसून वाढत होती. एकदा तिनं भाकरीचा तुकडा मोडून चंपाबाईच्या तोंडाशी नेला, चंपाबाई मागं सरकली आणि संकोचानं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझी मी खाते."

जेवण झाल्यावर चंपाबाई बाजेवर झोपली. जैतुनबी आणि विशाखा ओट्यावर बसल्या.

"कव्हापासून अशी झाली?" जैतुनबीनं विचारलं.

विशाखाला खोटं बोलता आलं असतं. "उन्हाळ्यापासून वाढलं. दिवाळीत चांगली होती, मावशी. दिवाळीत सगळं आठवत होतं."

"मला याद करायची?"

"रोज. दिवाळीत आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. सिल्लोडला फाट्यावर आई म्हणाली, पिशोरला वळवा. मी वळवू दिलं नाही. मला कचेरीत एक कागद घ्यायचा होता."

"सिल्लोडवरून?" जैतुनबी म्हणाली. तिनं गल्लीच्या टोकाकडं पाहिलं, जिथून रस्ता येतो. "सिल्लोडवरून तर पाऊन घंटा लागतो."

"हो."

"तव्हा मी हितंच व्हते. ह्याच ओट्यावर बसते मी चारच्या टायमाला."

मग जैतुनबी म्हणाली, "कसला कागद व्हता?"

"सांडूआजोबांचा. जमिनीचा."

"सांडूआबा," जैतुनबी म्हणाली. "लई मारायचा मला." आणि ती ओढणीत तोंड घालून रडली, आवाज न करता, खांदे हलवत. विशाखा तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली आणि तिला तो ठेवता आला नाही.

नंतर जैतुनबीनं आपलंही सांगितलं. ईदच्या कपड्यांना ती दर साली शहागंजात यायची. चंपा औरंगाबादेत दिली हे तिला माहीत होतं, मोहल्ल्याचं नावसुद्धा माहीत होतं. दोनदा रिक्षात बसली आणि अर्ध्यातून उतरली. "बापाच्या तोंडाची भीती," ती म्हणाली. "बाप मरून तीस वर्सं झाली, तरीबी. वाटायचं, चंपानंबी मला मेलीच समजलं आसंल. मेलेल्या मानसानं कुनाच्या घरी कसं जावं?"

संध्याकाळी निघताना तिनं उजमाला पिशवी भरायला सांगितलं आणि त्यांच्याबरोबर गाडीत बसली. आठ दिवस राहिली. विशाखानं टेबलावरचे कागद एका खोक्यात घालून माळ्यावर टाकले. तिथं आता सगळे एकत्र जेवू लागले. राजेंद्र पाळीवरून आला की मावशी त्याला ताट वाढायची. सकाळी ती चंपाबाईचे केस विंचरायची, तेल घालायची, हाताला धरून अंगणात फिरवायची. चंपाबाईला ती फार आवडू लागली. शेजारणीला सांगायची, "विशाखानं चांगली बाई ठिवली मला बघायला. मुसलमानाची हाय, पर लई मायाळू."

पहिले दोन दिवस जैतुनबी तिला जुन्या गोष्टी सांगून बघायची. तलाव, खडी, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. चंपाबाई डोळे मोठे करून ऐकायची. "तुमीबी व्हता का त्या कामावर? मग माझ्या दगडीला वळखत असाल." जैतुनबी म्हणायची, "व्हय, वळखते." तिसऱ्या दिवसापासून तिनं गोष्टी सांगणं सोडलं.

आठव्या दिवशी पिशोरहून फोन आला, नातू तापानं फणफणला होता. जैतुनबीनं पिशवी भरली आणि चंपाबाईजवळ येऊन बसली. चंपाबाईनं तिचा हात हातात घेतला. गोंदणावरून बोट फिरवलं, पण ते फिरवणं कापडाचा पोत बघावा तसं होतं. "चाललात? लई चांगल्या तुमी. माझी दगडी आली ना, की तुमाला बोलावते. तिला सांगते, ह्या बाईनं माझं केलं."

"व्हय," जैतुनबी म्हणाली. "सांग तिला."

विशाखा तिला स्टँडवर सोडायला गेली. पिशोरकडं जायला कन्नडची गाडी लागली होती. खिडकीत बसल्यावर जैतुनबी म्हणाली, "रोज फोन करत जाईन. तिनं माझं नाव काढलं का तेवढं सांगत जा."

तेव्हापासून रोज, दुपारनंतरची असरची नमाज झाली की फोन यायचा. उजमा लावून द्यायची. "आज काढलं का माझं नाव?" आणि विशाखा सांगायची, "काढलं. सकाळी उठल्या उठल्या विचारलं, दगडी कुठंय." जैतुनबी म्हणायची, "बरं," आणि फोन ठेवायची. महिन्यातून एकदा ती यायची, दोन दिवस राहायची. चंपाबाई दर वेळी नव्यानं ओळख करून घ्यायची आणि दर वेळी तिला ती बाई आवडायची. श्रेया पुण्याला शिकायला गेली, ती सुटीत आली की विशाखा रजा टाकून घरीच थांबायची. शहागंजात ती एकदाच गेली, चाचांचे पैसे द्यायला. चाचांनी घेतले नाहीत.

थंडी पडली आणि चंपाबाईचं बोलणं कमी होत गेलं. आधी वाक्यं गेली, मग नावं. डिसेंबरातल्या एका दिवशी संध्याकाळी विशाखाच्या ध्यानात आलं, की आज आई दिवसभरात दगडी म्हणाली नाही. तिनं स्वतःच तिच्यापुढं बसून विचारलं, "आई, दगडी कुठंय गं?" चंपाबाईनं तिच्याकडं पाहिलं. शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नाही. ती खिडकीबाहेर बघू लागली.

फोन वाजला. विशाखानं तो हातात घेतला आणि थोडा वेळ तसाच वाजू दिला.

"आज काढलं का गं नाव?"

"काढलं, मावशी."

"काय म्हनली?"

इतक्या महिन्यांत जैतुनबीनं हे कधी विचारलं नव्हतं. विशाखा भिंतीला टेकून उभी राहिली. समोर आई शालीत गुंडाळून बसली होती, तिच्या केसांना मागच्या खेपेला मावशीनं घातलेल्या वेणीचा आता गुंता झाला होता.

"म्हणाली, दगडी लवकर येऊ दे. केस विंचरायचेत म्हणाली."

पलीकडं फोन हातातून हातात गेला. मग उजमाचा आवाज आला, अम्मा रडतायत, पण खुश आहेत, उद्याच्या पहिल्या गाडीनं निघते म्हणतायत.

"या म्हणावं," विशाखा म्हणाली. फोन ठेवला आणि आईचे केस मोकळे करायला बसली.